कॉइलला लागलेल्या मुंग्या

आमच्या खोलीत किस्से गोळा करावे लागत नाहीत राव, ते कुरिअरने येतात! महाळुंग्याला आमची कंपनी आहे, तिथे गाडीच्या इग्निशन कॉइल बनतात. बिघडल्या म्हणून सर्व्हिस सेंटरवाले ज्या परत पाठवतात, त्या सगळ्या 'वॉरंटी रिटर्न'च्या खोलीत येऊन पडतात. प्रत्येक कॉइलला एक टॅग, आणि टॅगवर गिऱ्हाइकाची तक्रार, त्याच्याच शब्दांत. अठरा वर्षं मी त्या खोलीचा इनचार्ज आहे, म्हणजे अठरा वर्षं दुसऱ्यांच्या तक्रारी वाचतोय. घरच्या तक्रारी ऐकायला माझ्यात जीवच उरत नाही, असं आमची ही म्हणते.

कॉइल म्हणजे काय, ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही मधेच विचाराल. बॅटरीची वीज तिला मिळते, ती तिचा जोर हजारपटींनी वाढवते आणि प्लगला देते. प्लगमध्ये ठिणगी पडते, पेट्रोल पेटतं, गाडी चालते. हल्ली प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर एकेक कॉइल बसवतात. चार सिलिंडर, चार कॉइल. आणि एक गेली तरी गाडी बंद पडत नाही, हेच वाईट! ती तिघांवर रेटत राहते, आणि मालक म्हणतो, आज हिचा मूड नाही वाटतं.

टॅगवर काय काय येतं म्हणून सांगू! "गाडी रुसते." "सिग्नलला थरथरते, हिरवा झाला की बरी होते." एकाने तर सरळ लिहिलं होतं, "सासुरवाडीला जाताना त्रास देते, येताना देत नाही."

रफिक हसून हसून खाली बसला. रफिक म्हणजे आमचा टेस्ट बेंचवाला. देहूरोडचा, वडिलांचं तिथे गॅरेज होतं, गाड्यांमध्येच वाढलेला. म्हणाला, "काका, ह्यात कॉइलचा काय दोष? ही केस वेगळी आहे!"

मी म्हटलं, हसू नकोस, बेंचला लाव. लावली तर कॉइल खरोखर गेलेली! सर्व्हिस सेंटरला फोन केला, तेव्हा उलगडा झाला. माणूस राहायला खाली आणि सासुरवाडी घाटाच्या वर. चढावर इंजिनावर लोड येतो, आणि लोड आला की अर्धमेली कॉइल दम टाकते. उतारावर कोण विचारतो तिला? बिचाऱ्याने लक्षण अगदी बरोबर लिहिलं होतं. आम्हीच अर्थ भलता लावला.

* * *

आता स्वतःचीच अब्रू काढतो.

मी चिंचवडहून माझी जुनी गाडी काढतो. निगडीला भक्ती-शक्ती चौकात उज्ज्वला बसते, देहूरोडला रफिक, आणि मग देहू, येलवाडी करत आम्ही महाळुंग्याला. फर्स्ट शिफ्टची आमची ठरलेली वरात. त्या उन्हाळ्यात काय झालं, गाडी सकाळी एका झटक्यात सुरू होईना. मग ॲव्हरेज पडलं. मग मागून कच्च्या पेट्रोलचा वास यायला लागला. मी काय केलं? पेट्रोल पंप बदलला! एक नाही, तीन पंप बदलले. तिसऱ्या पंपावर तर "भेसळ करता काय रे?" म्हणून असा भांडलो की बघायला माणसं जमली. तरी इंद्रायणीच्या पुलावर गाडी धक्के देतच होती. मी रफिकला म्हणालो, "तुझं वजन वाढलंय. वडापाव कमी कर."

रफिकचं डोकं मोबाइलमध्ये. मागून उज्ज्वला हळूच म्हणाली, "काका, राग येणार नसंल तर एक सांगू?"

"बोल की."

"गाडी लंगडायलीय. तीनच पायावर चालायलीय. माझ्या तळपायाला कळायलंय."

मी म्हटलं, गप बस, रस्ता खराब आहे. पण रफिकने मोबाइल खाली ठेवला, चप्पल काढली आणि पाय गाडीच्या पत्र्यावर टेकवला. दोन मिनिटं डोळे मिटून बसला. मग म्हणाला, "काका, गाडी बाजूला घ्या."

येलवाडीच्या पुढे रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडलं. चालू इंजिनात रफिकने एकेका कॉइलची पिन काढून लावून बघितली. पहिलीची काढली, इंजिन दचकलं. दुसरीची काढली, काही फरक नाही! म्हणजे तिथे आधीच अंधार. मग इंजिन बंद करून त्याने दुसरी कॉइल तिसरीच्या जागी घातली आणि तिसरी दुसरीच्या. परत सुरू केलं, तर आता तिसरा सिलिंडर मेलेला. दुखणं कॉइलबरोबर सरकलं की कॉइल गेली, जागेवरच राहिलं तर प्लग किंवा दुसरं काही. एवढी साधी परीक्षा! मी ही रोज लोकांना फोनवर शिकवतो, आणि स्वतः तीन महिने पेट्रोलवाल्यांशी भांडत होतो.

रफिक फार गंभीरपणे म्हणाला, "काका, टॅग लिहू का? 'गिऱ्हाईक स्वतः कॉइल कंपनीत इनचार्ज आहे.'"

दुसऱ्या दिवशी त्या पंपावर जाऊन माफी मागितली. पंपावरचा माणूस म्हणाला, "राहू द्या काका, आठवड्याला एक तरी भांडतोच."

* * *

उज्ज्वलाबद्दल नीट सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

ती धाराशिवकडची. लग्न होऊन निगडीच्या ओटास्कीम वस्तीत आली. आमच्या लाइनवर चार नंबरचं स्टेशन तिचं. कॉइलमध्ये तार गुंडाळून झाली की वरून पातळ रेझिन ओततात, ते घट्ट होऊन तार पक्की बसते. त्यात एक बुडबुडा जरी राहिला, तरी वीज तिथून पळवाट काढते आणि कॉइल मरते. ते ओतायचं काम उज्ज्वलाचं. श्वास रोखून ओतते ती! मी काचेतून कित्येकदा बघितलंय.

आणि ती सहा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर. दर अकरा महिन्यांनी ब्रेक. पिवळं कार्ड जमा करायचं, महिनाभर घरी बसायचं, मग नवीन नंबरचं नवीन पिवळं कार्ड. पर्मनंट माणसाचं कार्ड निळं असतं. त्या वर्षी दिवाळीनंतर चार जणांना पर्मनंट करायचं ठरलं होतं आणि यादीत उज्ज्वलाचं नाव होतं. नवऱ्याने पाठ दुखते म्हणून रंगकाम सोडलेलं, मुलगी पाचवीत. घर तिच्या एकटीच्या हातावर. पण ती असलं काही बोलायची नाही. एकदा गाडीत एवढंच म्हणाली, "काका, सहा वर्षांत माझे सहा नंबर झाले. कुणी नंबर विचारला की मला आठवावं लागतंय. निळं कार्ड झालं की एकच नंबर, मरेपर्यंत!"

* * *

आमचे जोग साहेब. क्वालिटीचे हेड. माणूस मनाचा चांगला, पण नियमाच्या रेषेबाहेर बोटभर जाणार नाही.

एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "कदम, जरा माझी गाडी बघता का? मिसेस म्हणतात झटके देते. आणि हे आपल्यातच राहू द्या."

आम्ही तिघं जेवणाच्या सुट्टीत पार्किंगमध्ये गेलो. रफिकने चावी फिरवली आणि मीटरकडे बघतच राहिला. मीटरच्या मधोमध एक मोठी लाल टिकली!

त्याने नखाने टिकली काढली. खाली इंजिनाचा पिवळा दिवा टकाटक मिचकावतोय. साहेबांनी घरी फोन लावला, स्पीकरवर. वहिनी म्हणाल्या, "अहो, तो दिवा सारखा डोळे मारायचा! गाडी चालवताना लक्ष जायचं माझं. म्हणून टिकली लावली. आधी छोटी लावली होती, पण तिच्या कडेने उजेड यायचा."

आता हे हसण्यावारी न्यायचं नाही बरं का. तो दिवा नुसता लागून राहिला तर गाडी एक-दोन दिवसांत दाखवा. पण मिचकावत असेल तर तिथेच बाजूला घ्या! ठिणगी पडत नाही, कच्चं पेट्रोल तसंच सायलेन्सरकडे जातं आणि तिथे जळून मोठं नुकसान करतं. साहेबांच्या गाडीचं थोडक्यात निभावलं. कॉइल बदलली, झालं.

मी शब्दाला जागलो. कुणालाही सांगितलं नाही. कॅन्टीनमध्ये जेवढे होते तेवढ्यांनाच.

* * *

खंडेनवमीला आमच्या लाइनवर मशिनांची पूजा असते. आदल्या दिवशी सगळी मशिनं पुसून लख्ख करायची, झेंडूचे हार घालायचे आणि पूजेपुरती दोन मिनिटं सगळ्यांनी बूट काढायचे. लोखंडाचं नाक असलेले जड सेफ्टी बूट ते, एरवी लाइनवर काढायची परवानगी नाही. साहेबांना हे कधी पटलं नाही. दर वर्षी ते पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर, बूट घालून, हात मागे बांधून उभे राहायचे. "श्रद्धा ठीक आहे कदम, पण पायावर काही पडलं तर फॉर्म मला भरावा लागतो."

त्या वर्षीही तसेच उभे होते. उज्ज्वलाने चार नंबरच्या मशिनला कुंकू लावलं, डोकं टेकवलं आणि बराच वेळ उठलीच नाही. यादीचं तिच्या मनात असणार. साहेबांनी घड्याळ बघितलं.

* * *

आणि दसऱ्यानंतर दहा-बारा दिवसांत आमच्या खोलीत खोक्यांचा ढीग!

तक्रार सगळ्यांची एकच, "नवीन गाडी, धक्के देते." प्रत्येक कॉइलवर लेझरने कोरलेला नंबर असतो. त्यात वर्ष, दिवस, शिफ्ट आणि स्टेशन, सगळं येतं. मी नंबर वाचायला लागलो. एकाच दिवसाचा लॉट. फर्स्ट शिफ्ट. स्टेशन चार.

साहेबांनी मला बोलावलं. गाडीच्या कंपनीचा कडक मेल आला होता. साहेब म्हणाले, "रेझिनमध्ये बुडबुडे राहिलेत, दुसरं काही नाही. शनिवारपर्यंत रिपोर्ट द्या. सोमवारी यादी वर जाते. मला तिचं नाव काढावं लागेल, कदम. माझा नाइलाज आहे."

चहाच्या सुट्टीत उज्ज्वला खोलीच्या दारात आली. आत नाही आली. "काका, माझ्यामुळं झालं का हे?"

मी चिडलो आणि म्हणालो, "जा, काम कर तुझं." संध्याकाळपर्यंत मला त्याचं वाईट वाटत राहिलं.

रफिकने त्यातल्या कॉइल कापून बघितल्या. आत बुडबुडा नाही! एकीतही नाही. उरलेल्या पुसून बेंचला लावल्या, तर मस्त ठिणगी. मग गाडीत काय धाड भरते ह्यांना? डोकं चालेना. आणि त्यात भर म्हणून खोलीभर मुंग्या! रॅकवर रांगच्या रांग. मी कडाडलो, "कोण रे खोलीत लाडू खातं? पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा!"

रफिक रॅकजवळ गुडघ्यावर बसला होता. म्हणाला, "काका, थांबा जरा. ह्या मुंग्या सगळ्या खोक्यांकडे नाही जात. ह्या फक्त चार नंबरच्या लॉटला लागल्यात."

मी म्हटलं, "म्हणजे आता मुंग्यासुद्धा तिच्यामागे लागल्या!"

* * *

शुक्रवारी गेटवरून फोन आला. "कदम काका, तात्या आलेत. ऐकत नाहीत."

तात्या म्हणजे ज्यांच्या रानावर आमची कंपनी उभी आहे, ते. आमच्या असेंब्ली लाइनच्या जागी त्यांची बाजरी व्हायची. त्यामुळे गेटवर त्यांना कुणी अडवत नाही, आणि अडवलं तर ते थांबत नाहीत. नवी कोरी गाडी आडवी लावून उभे होते.

"त्यो ठिणगीचा पार्ट तुमीच बनवता न्हवं?"

"हो तात्या."

"माझ्याच रानात बनवता न्हवं?"

"हो."

"मग माझीच गाडी कशी काय खोकती? दुसऱ्याची खोकली तर एक येळ समजू शकतो!"

रफिकने बॉनेट उघडलं आणि "काका!" म्हणून ओरडलाच. इंजिनावरून मुंग्यांची रांग चालली होती. त्याने रांगेखालची कॉइल उपसून काढली. नंबर त्याच लॉटचा, स्टेशन चार. खालच्या रबरावर पांढरट डाग, बोटाला चिकट लागणारा. त्याला काही कळेना, मलाही कळेना. मी लाइनवरून उज्ज्वलाला बोलावून घेतलं. तिने कॉइल हातात घेतली, फिरवून बघितली आणि नाकाशी नेली.

"काका, हे तर नारळाचं पाणी!"

मी तात्यांना विचारलं, "तात्या, गाडी घेतली तेव्हा काय काय केलं?"

"काय करनार? पूजा केली शोरूमला. गुरुजी म्हनले, बॉनेट उघडा. हार घातला, नारळ फोडला आन् पानी सोडलं इंजिनावर. आमी हात जोडले. दुसऱ्या दिसापासनं हिला उचकी!"

उज्ज्वलाने स्पिरिट मागवलं, कापूस घेतला, आणि तिथेच गेटवर उकिडवी बसून ती कॉइल पुसायला लागली. आधी बाहेरून, मग रबर उलटं करून आतून. इंजिनात कॉइल बसते त्या खळग्यातलं चिकटसुद्धा रफिककडून काढून घेतलं. बसवली, चावी फिरवली, आणि गाडी कशी गुपचूप चालायला लागली!

मी म्हणालो, "तात्या, नवीन कॉइल टाकून देतो."

"चालतीय की आता! चांगल्याला कशापायी बदलायचं? न्हाई न्हाई, हीच ऱ्हाऊ द्या." मग उज्ज्वलाकडे बघून म्हणाले, "पोरी, तुझ्या हाताला गुन हाय गं."

बिचारी तिथेच रडायला लागली. तात्यांना वाटलं आपलं काही चुकलं!

* * *

दुपारी मी आणि रफिक त्या शोरूमला गेलो, गिऱ्हाईक म्हणून. परत आलेल्या कॉइलच्या टॅगवर सर्व्हिस सेंटरची नावं निरनिराळी होती, म्हणून इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. गाड्या मात्र सगळ्या ह्या एकाच शोरूमने विकलेल्या. आमचा तो लॉट ज्या गाड्यांत बसला, त्या नेमक्या नवरात्राच्या तोंडावर इथे उतरल्या होत्या.

आमच्या डोळ्यांदेखत एका नव्या गाडीची पूजा चालली होती. गुरुजींनी बॉनेट उघडायला लावलं, नारळ फोडला आणि दोन्ही करवंट्या इंजिनावर उपड्या केल्या. पाणी बरोबर कॉइलच्या खळग्यांत उतरलं.

मी न राहवून म्हणालो, "गुरुजी, नारळ चाकापाशी फोडतात ना?"

गुरुजींनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "चाकं काय, पाय आहेत. इंजिन म्हणजे गाडीचं हृदय. हृदयाला सोडून पायाची पूजा करू?"

रफिक म्हणाला, "बरोबर आहे, गुरुजी. पण हृदयावर पाणी कोण ओततं?"

गुरुजी जरा विचारात पडले. चांगला माणूस, खोटं कशाला बोलू. म्हणाले, "हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं." त्या दिवसापासून ते इंजिनाला नुसतं फूल दाखवतात.

* * *

शनिवारी साहेबांसमोर मीटिंग. मी म्हटलं, "साहेब, रिपोर्ट वाचण्याआधी बेंचपाशी चला."

उज्ज्वलाला बोलावलं. तिने स्टोअरमधून नवी, दुसऱ्याच लॉटची कॉइल आणली, बेंचला लावली. ठिणगी टकाटक. मग डब्यातून आणलेलं नारळाचं पाणी चमच्याने रबरावर सोडलं. एक थेंबही इकडेतिकडे सांडला नाही. आणि साहेबांच्या डोळ्यांसमोर ठिणगी प्लगमध्ये पडायची थांबली आणि रबराच्या बाहेरून निळी रेघ होऊन खाली पळाली. चट् चट् आवाज यायला लागला.

साहेब वाकून बघत राहिले. मग सरळ झाले. "रिपोर्टमध्ये मूळ कारण काय लिहायचं, कदम?"

"नारळ."

"गाडीच्या कंपनीला असं कसं कळवणार?"

"मग मुंग्या जोडा सोबत, पुरावा म्हणून."

साहेब हसले नाहीत. पण त्यांनी स्वतः बसून रिपोर्ट लिहिला, 'नारळ' ह्या शब्दासकट, आणि खाली सही केली. सोमवारी यादी वर गेली, त्यात चारही नावं होती. दिवाळीनंतर उज्ज्वला निळं कार्ड घेऊन खोलीत आली. ह्या वेळी दारात थांबली नाही. रफिकच्या पाया पडायला वाकली, तर तो टुणकन स्टुलावर चढला! "काय करताय ताई, मी लहान आहे तुमच्याहून!"

ती निळं कार्ड उलटंसुलटं करत बसली होती. मी म्हटलं, "चहा घ्या रे सगळे."

* * *

मी देवाचं फारसं करत नाही. पण कृतज्ञता म्हणाल तर माझ्याकडे यादीच आहे. रफिक त्या दिवशी "थांबा" म्हणाला नसता, तर मी फवारा मारून पुरावाच मारला असता. तात्या आपल्या रानावरचा हक्क सांगत आले नसते, तर आम्ही अजून कॉइलच कापत बसलो असतो. आणि त्या मुंग्या! सात पिढ्यांचे उपकार आहेत त्यांचे आमच्यावर. तेव्हापासून खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीखाली, मी रोज चिमूटभर साखर टाकतो. ऑडिटमध्ये एकदा धरलं. ऑडिटवाल्याने विचारलं, "हे काय आहे?"

रफिक म्हणाला, "स्टाफ वेल्फेअर."

* * *

आता शेवटचा सांगतो, आणि मग उठतो.

मागच्या दसऱ्याची गोष्ट. उज्ज्वला गाडी चालवायला शिकली होती आणि तिला जुनी गाडी घ्यायची होती. तात्यांना कळलं. ते म्हणाले, "माझीच घे. डोळ्याला दिसंना झालंय आता. दुसऱ्या कुनाला देनार न्हाई." गाडी आली ओटास्कीममध्ये. दसऱ्याला सकाळी पूजा, आम्हा सगळ्यांना बोलावणं. रफिक बायकोमुलांसह आला. साहेब आणि वहिनी आल्या. वहिनींनी उज्ज्वलासाठी टिकल्यांचं पाकीट आणलं होतं, आणि स्वतःच म्हणाल्या, "कपाळालाच लाव हो!"

तात्या नारळ घेऊन सज्ज. रफिकने त्यांना गाडीपासून दहा हात लांब, गल्लीच्या तोंडाशी उभं केलं. "तात्या, तिथेच फोडा. इकडे यायचं नाही!" गल्लीतली पोरं तात्यांवर पहारा करायला उभी राहिली.

उज्ज्वलाने बॉनेट उघडायला सांगितलं. आम्ही सगळे दचकलो. ती म्हणाली, "पाणी न्हाई ओतत काका, भिऊ नका." तिने पाट मांडला, त्यावर कोरा टॉवेल घातला आणि रफिकला म्हणाली, "चारही काढून दे."

रफिकने चारही कॉइल काढून, पुसून, पाटावर ओळीने मांडल्या. मग म्हणाला, "ताई, आता जुन्या झाल्यात ह्या. बदलून टाकू का सगळ्या? स्टाफला सवलत आहे."

उज्ज्वलाने चारांतली एक उचलली. "ह्या तीन बदल. ही ऱ्हाऊ दे."

"का हो?" साहेबांनी विचारलं.

तिने कॉइल त्यांच्या हातात दिली. साहेबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, कॉइल उजेडाकडे धरली आणि कोरलेला नंबर वाचायला लागले. आधी वर्ष वाचलं. मग दिवस. मग फर्स्ट शिफ्ट. शेवटचा आकडा त्यांनी मोठ्याने वाचला नाही. परत एकदा सुरुवातीपासून मनातल्या मनात वाचला.

गल्लीच्या तोंडाशी तात्या ओरडत होते, "फोडू का? आरं, फोडू का?"

उज्ज्वलाने कॉइल परत घेऊन पाटावर ठेवली. वहिनींनी कुंकवाचा करंडा पुढे केला.

साहेब म्हणाले, "थांबा एक मिनिट." आणि गाडीच्या चाकाला हात टेकवून खाली वाकले, आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले.